लिंडालकडे आग लागलीय

आमच्या खोऱ्यात माणूस राहत असेपर्यंत त्याच्या जागेला त्याचं नाव मिळत नाही. हा कायदा नाही, पण कायद्याहून पक्का आहे. तुम्ही जमीन घ्या, घर बांधा, चार पोरं वाढवा, जन्मभर गहू पिकवा. लोक ती जागा आधीच्या मालकाच्याच नावानं ओळखणार. तुमचं नाव लागायचं तर तुम्ही ती विकून तरी जायचं, नाहीतर मरून तरी. मग दुसऱ्याच आठवड्यात दुकानात कुणीतरी सहज म्हणतं, "अरे, ते अमक्याच्या जागेपाशी वळायचं." तेव्हा ते ऐकायला तुम्ही नसता.

आम्ही लिंडाल, पण राहायचो बॉइडच्या जागेत. बॉइड कॅलिफोर्नियाला गेला तो माझ्या जन्माआधी. तरी मी शाळेत गेले ती बॉइडच्या जागेतली आर्डिस म्हणून, आणि पुढे गव्हाच्या कोठारावर वजनकाट्याच्या नोकरीला लागले तीही बॉइडच्या जागेतली आर्डिस म्हणूनच. लिंडालची जागा म्हणजे उत्तरेला, ओढ्यापलीकडे, जिथे माझ्या आजोबांनी पहिलं घर बांधलं आणि मंदीत घालवलं ती. तिथे छप्पर खचलेलं एक खोपट होतं, पाती गळून पडलेली एक पवनचक्की होती, आणि घुबडं राहायची.

परक्याला हा वेडेपणा वाटतो. माझ्या आईला वाटायचा. सिग्ने तिचं नाव. ती टॅकोमाची, समुद्राकडची. लग्न होऊन आली तेव्हा पहिले सहा महिने विचारायची, "हा बॉइड आहे कोण, आणि तो जेवायला कधी येणार?" माझे वडील, नेल्स, हसायचे. तिनं स्वतःच्या घराला बॉइडची जागा कधी म्हटलं नाही. माझं लग्न लिंडालशी झालंय, बॉइडशी नाही, म्हणायची.

आता आमच्या फायर डिस्ट्रिक्टची, म्हणजे आग विझवणाऱ्या मंडळाची गोष्ट. वसंतात पॅनकेकची न्याहारी असते, तेव्हा दर वर्षी कुणीतरी उठून ती सांगतं. बरीच वर्षं मर्ल केसिंजरच सांगायचा, गळा साफ करून, छातीवर हात ठेवून. माझ्या तोंडून ती जरा वेगळी ऐकू येईल.

पूर्वी आग लागली की जो तो आपापला नांगर घेऊन आपल्या बांधावर पळायचा. आपल्या गव्हाभोवती माती उलटी करायची, ओली पोती घेऊन उभं राहायचं आणि शेजाऱ्याचं पीक जळताना बघायचं. मग एका ऑगस्टमध्ये वारा असा सुटला की नांगरलेल्या पट्ट्या ओलांडून आग गावात आली. चर्च गेलं, शाळा गेली. आमची माणसं तहान लागल्यावर विहीर खणणारी, पण निदान तेव्हा खणली. शेतकरी सभागृहात सगळे जमले, हात वर झाले आणि डिस्ट्रिक्ट झाला. प्रत्येकानं जमिनीप्रमाणे कर द्यायचा, तीन पंच निवडायचे, आणि आगीवर जायचं ते आपणच, बिनपगारी. लष्करानं मोडीत काढलेली पाण्याची एक गाडी आणली, तिला पत्र्याची शेड बांधली. शाळेच्या बाईंनी दारावर पाटी रंगवली, "आग कुणाचीही असो, विझवायची आपण." आमचा इतिहास एवढाच आणि काम एवढंच. पहिला प्रमुख म्हणून मर्ल केसिंजरला निवडलं, कारण त्याचा आवाज वाऱ्यातही ऐकू जायचा.

तेव्हा रस्त्यांना नावं नव्हती, घरांना नंबर नव्हते. पाच ठिकाणी लाल टेलिफोन बसवले होते. आगीचा फोन आला की पाचही वाजायचे, जो आधी उचलेल त्यानं विचारायचं, "कुणाची जागा?", आणि भोंग्याचं बटण दाबायचं. एक फोन शेडला लागून असलेल्या मर्लच्या ट्रॅक्टरच्या दुकानात होता.

आमच्याकडे आग लागली त्या दिवशी कापणी चालली होती. आमच्या मागच्या उतारावर कापणी यंत्राच्या ठिणगीनं बुडखे पेटले. वडील नांगर जोडायला धावले, आई घरात टेलिफोनकडे. मर्लनं उचलला. आई म्हणाली, "लिंडालकडे आग लागलीय, लवकर या." तो म्हणाला, "लिंडालची जागा?" ती म्हणाली, "हो, हो."

खोऱ्यातली कुठलीही बाई बॉइडची जागा म्हणाली असती. माझी आई म्हणाली नाही.

मी तेव्हा कोठारावर काट्यापाशी होते. भोंगा झाला, गाडी निघाली आणि चर्चच्या कोपऱ्यावर उत्तरेला वळली. उत्तरेला म्हणजे आपलं नाही, असं म्हणून मी पुढच्या ट्रकचं वजन करायला लागले.

उत्तरेचा रस्ता कबरस्तानाच्या टेकडीवरून जातो. तिथून अख्खं खोरं ताटात वाढल्यासारखं दिसतं. गाडीच्या मागच्या फळीवर तिघं उभे होते: हार्लन हूप्स, त्याचा एकोणीस वर्षांचा मुलगा डेल्बर्ट, आणि पीट गुस्टाफसन. तिघांनाही दक्षिणेला आमच्या घरामागे काळा लोट दिसला. हार्लन ओरडला, "मर्ल, गाडी फिरव! तिकडे जळतंय!" मर्लनं खिडकीतून मान बाहेर काढली, नीट बघितलं आणि म्हणाला, "ती बॉइडची जागा. आपल्याला बोलावलंय लिंडालकडे." आणि टेकडी उतरून घुबडांच्या घरी गेला. तिथे गेल्यावर गाडीतून उतरला, खोपटाभोवती एक चक्कर मारली आणि मगच गाडी फिरवली.

वडील फाटकापाशी सापडले. नांगरानं अर्धा पट्टा काढून झाला होता.

हे मला डेल्बर्टनं सांगितलं, अंत्यविधीनंतर, वजनकाट्याच्या खोलीत, दार लावून. चौकशीत मात्र तो काही बोलला नाही. त्याचा बापही नाही. हूप्स मर्लचीच जमीन खंडानं कसायचे. पीट म्हणाला, धुरात काही दिसत नव्हतं. शेरीफनं लिहून घेतलं की निरोप लिंडालच्या जागेचा होता आणि गाडी लिंडालच्या जागी गेली. सगळ्यांनी माना डोलावल्या. चूक झाली. आता ती कुणाची, हेही ठरून गेलं. चर्चच्या बायका डबे घेऊन यायच्या, आईच्या पाठीवर हात ठेवायच्या आणि म्हणायच्या, "सिग्ने, तुला कसं कळणार? तू इथली नाहीस ना." त्या बायकांचे मटारचे डबे मी मागच्या दारी कोंबड्यांना घातले. आई तो एक शब्द घेऊन पुढची सगळी वर्षं जगली. शेवटच्या आजारातही उठून बसायची आणि म्हणायची, "मी बॉइडची जागा म्हणायला हवं होतं ना गं?" मी म्हणायची, "नाही आई." ती ऐकून घ्यायची आणि पुन्हा विचारायची.

आमची जमीन मर्लनं घेतली. त्याला आधीपासून हवीच होती. आमच्याकडे झरा होता, उन्हाळ्यात न आटणारा, आणि त्याची गुरं कोरड्या बाजूला. आगीच्या आदल्या महिन्यात तो आमच्या ओसरीवर बसून वडिलांना झऱ्याबद्दल विचारून गेला होता, आणि वडील नाही म्हणाले होते. त्या दिवसापर्यंत मी त्याला मिस्टर केसिंजर म्हणायची. नंतर तो नुसता मर्ल झाला.

त्यानं आमच्या जागी विटांचं मोठं घर बांधलं. दारात लोखंडी कमान केली, तिच्यावर हातभर अक्षरांत केसिंजर. आणि मग त्याच्या लक्षात आलं की आम्ही निघालो, तेव्हा रीतीप्रमाणे ती जागा आता लिंडालची झाली आहे; ओढ्यापलीकडच्या खोपटाला त्या आगीनंतर कुणी ते नाव लावेना.

मर्लचं नाक कुठे दाबायचं ते मला तिथे कळलं. इतर जागांचं नाव लोक सवयीनं घेतात. या जागेचं मी घ्यायला लावलं. मी लाल टेलिफोन घरी मागून घेतला, पुढे रेडिओ आला तोही मीच सांभाळला. "लिंडालच्या जागेपाशी मेंढ्या रस्त्यावर आल्यात." "लिंडालच्या जागेजवळ बर्फ आहे, हळू या." दिवसातून एकदा तरी ते नाव हवेत सोडल्याशिवाय मला जेवण जायचं नाही. प्रत्येक घरात रेडिओ, प्रत्येक स्वयंपाकघरात माझा आवाज. मर्लच्या स्वयंपाकघरातही. एकदा त्याच्या गोठ्याला आग लागली, त्यानं फोन केला. मी विचारलं, "कुणाची जागा?"

"आर्डिस, तुला माहितेय मी कोण बोलतोय!"

"आवाज ओळखीचा वाटतो. जागा कुणाची?"

मागे गुरं हंबरत होती. "लिंडालची," तो म्हणाला, आणि मी बटण दाबलं. गाडी आधीच निघाली होती, धूर खिडकीतून दिसताच मी रेडिओवर सांगून टाकलं होतं. पण ते त्याला सांगायची मला गरज वाटली नाही.

मग काउंटीनं रस्त्यांना नावं द्यायचं ठरवलं आणि प्रत्येक डिस्ट्रिक्टकडून सूचना मागवल्या. मी तोवर पंच झाले होते. त्याच्या कमानीसमोरून जाणाऱ्या रस्त्याचं नाव झालं लिंडाल रोड. विरोधात हात एकच होता आणि तो कुणाचा ते सांगायला नको. हिरवी पाटी बरोबर त्याच्या कमानीखाली लागली. रोज सकाळी फाटक उघडताना ती वाचावी लागणार, याचं मला जे सुख झालं ते मी लपवणार नाही. माझं लग्न झालं, मोडलं, पण एवढं सुख त्यात नव्हतं.

यंदा मात्र गोष्ट वेगळी झाली. नवी गाडी आली, आणि ती जुन्या शेडच्या दारात मावेना. ती ताडपत्री घालून बाहेर उभी. आमच्याकडे हिवाळ्यात नळातलं पाणी घरात गोठतं. बाहेर उभ्या गाडीचा पंप फुटायला एक रात्र पुरे. नवं स्टेशन हवं होतं आणि हमरस्त्यावर सोयीची जागा एकच होती, मर्लची. तो फुकट द्यायला तयार झाला. अट एवढीच, दारावर त्याचं नाव.

पंचांची सभा शेडमध्येच झाली. पंच तिघं: मी, डेल्बर्ट हूप्स, जो आता गाडीही चालवतो, आणि रोवेना प्रॉक्टर, जी स्पोकेनहून इथे राहायला आली.

"माझा नकार," रोवेनानं बसायच्या आधीच सांगितलं. "दहा वर्षं मी त्या घरात राहतेय. छप्पर बदललं, विहीर खणली, तरी पोस्टमन म्हणतो, स्वेन्सनकडे टाकतो. आणि हा बाबा जिवंतपणी अख्ख्या स्टेशनवर नाव लावणार? रांगेत ये म्हणावं."

"माझा होकार," डेल्बर्ट म्हणाला. "मला गाडी आत हवी. बस." मग दोघंही माझ्याकडे बघायला लागले.

मी दारावरच्या पाटीकडे बोट केलं. "ही पाटी नव्या दारावर जाणार?"

"जाणार की."

"आणि तिच्यावर त्याचं नाव?"

डेल्बर्टनं कॉफीचा कप फिरवला. "आर्डिस, गिळ गं आता. म्हातारा झालाय तो. तूही काही पोर नाहीस."

"तू गिळलंस ना, एकोणिसाव्या वर्षी. पचलं?"

त्याचे कान लाल झाले, ते अजून होतात. रोवेनाला यातलं काही ठाऊक नव्हतं. ती एकदा त्याच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत राहिली. "कुणीतरी मला सांगणार आहे का?" तिनं विचारलं.

"सांगेल," मी म्हटलं. "ज्यानं सांगायचं तो सांगेल. माझं मत मी शनिवारी देते."

मी मर्लच्या घरी गेले. जागा सोडल्यानंतर त्या फाटकातून मी पहिल्यांदाच आत शिरत होते. घराचं तोंड बदललं होतं, पण झऱ्याचा आवाज तोच होता, डाव्या हाताला. मर्लची बायको वारली, मुलगे सिअॅटलला. तो स्वयंपाकघरात एकटाच पत्ते मांडून बसला होता.

"आलीस? हो म्हणायला की नाही म्हणायला?"

"कॉफी आहे का?"

"आहे. विष घालून देऊ की साखर?"

"काहीही घाल. आमच्या झऱ्याचं पाणी आहे, विषही गोड लागेल."

तो हसला. आवाज अजून तसाच होता, वाऱ्यात ऐकू जाणारा. कप माझ्यासमोर ठेवताना थोडी कॉफी सांडली, ती त्यानं बाहीनं पुसली. मला वाटलं होतं, म्हाताऱ्याला असं बघून आत काहीतरी हलेल. काही हललं नाही.

"लोक मला अजून लिंडालच्या जागेतला मर्ल म्हणतात," तो म्हणाला. "ही तुझी करणी."

"माझीच."

"मी मेल्यावर तरी सोडशील?"

"तू मेल्यावर पोरं ही जागा विकतील. येईल त्याला मी केक घेऊन भेटायला येईन आणि सांगेन, लिंडालच्या जागेत तुमचं स्वागत आहे. आमच्यातल्या बायका नव्वदी गाठतात, मर्ल."

त्यानं एक पत्ता उलटा केला, सुलटा केला. "काय पाहिजे तुला?"

"काही नको. तुझं नाव लागू दे, माझा होकार आहे."

त्यानं पत्ते खाली ठेवले. मर्लला फुकट मिळालेलं कधी आवडलं नाही.

"फक्त पाटीवरचं कापड पडायच्या आधी," मी म्हटलं, "टेकडीवरून काय दिसलं ते सगळ्यांसमोर सांगायचं. तुझ्या तोंडानं, चांगल्या मोठ्या आवाजात."

"लोकांना ठाऊक आहे ते."

"ठाऊक असणं निराळं आणि ऐकणं निराळं."

"आणि नाही म्हणालो तर?"

"तर गाडी ताडपत्रीखाली राहील, पंप फुटेल आणि लोक मला शिव्या घालतील. मला चालेल. तुझं नाव फक्त कबरीच्या दगडावर लागेल, आणि तो तुला वाचता येणार नाही."

खरंच चाललं असतं का मला? आग कुणाचीही असो, म्हणून मी जन्मभर त्या फोनपाशी बसले होते, आणि आता एका माणसासाठी अख्ख्या खोऱ्याची गाडी उघड्यावर ठेवायला निघाले होते. हे मला कळत होतं. कळूनही मी खुर्चीतून हलले नाही.

मर्लनं बाहेर कमानीकडे बघितलं. तिथून अक्षरं उलटी दिसतात. सुंभ जळला तरी पीळ जात नाही. माणूस नाही म्हणून मोकळा झाला असता. पण त्याला नाव हवं होतं, पूर्वी झरा हवा होता तसंच.

"चांगली मोठी अक्षरं पाहिजेत," तो शेवटी म्हणाला.

उन्हाळाभर बांधकाम चाललं. मर्ल रोज यायचा, विटांवर हात फिरवायचा, गवंड्याला अक्षरांची उंची सांगायचा. मला वाटायचं, आता माघार घेईल, मग घेईल. घेतली नाही. एकेकदा वाटायचं, त्याला कदाचित बोलायचंच असेल. मग मी स्वतःला सांगायची, असो नाहीतर नसो, तो त्याचा प्रश्न.

कापणी उरकल्यावरच्या एका शनिवारी उद्घाटन झालं. सगळं खोरं आलं होतं. पॅनकेक, सॉसेज, पोरांच्या हाताला पाक. नवी गाडी दारासमोर उभी, आरशासारखी पुसलेली. पाटीवर पांढरं कापड आणि त्याची दोरी माझ्या हातात. ती दुसऱ्या कुणाच्या हातात जाऊ नये याची मी काळजी घेतली होती.

मर्ल टोपी काढून उभा राहिला. गळा साफ केला. इतिहास सुरू केला, नांगर, ओली पोती, चर्च, लष्कराची गाडी. लोक पॅनकेक खात होते. त्यांना पाठ होतं ते. मग तो म्हणाला, "आणि एकदा आमच्या हातून एक चूकही झाली. नेल्स लिंडाल गेला. त्याचं मला वाईट वाटतं." आणि वर, पाटीकडे बघितलं.

मी दोरी सोडली नाही.

"कुणाची चूक?" मी विचारलं.

बशांवरचे काटे थांबले.

"आर्डिस," तो हळू म्हणाला.

"ऐकू येत नाही, मर्ल. कुणाची? माझ्या आईची?"

"नाही."

"मग?"

"धूर दिसला होता," तो म्हणाला. आता त्या आवाजात, जो वाऱ्यातही ऐकू जायचा. "टेकडीवरून. सगळा दिसत होता."

"कुणाकडे जळतंय हे ठाऊक होतं?"

"होतं. फोनवर सिग्नेचा आवाजही ओळखला होता. मला झरा हवा होता."

मी दोरी सोडली. कापड पडलं. मर्ल केसिंजर फायर स्टेशन. अक्षरं खरंच मोठी होती. कुणी टाळी वाजवली नाही. मी भिंतीला टेकले. आई जाऊन वीस वर्षं झाली होती, आणि त्या क्षणी मला मर्लपेक्षा, तिला हे ऐकता न आलेल्या त्या वीस वर्षांचा जास्त राग आला.

आता गाडी आत न्यायची. आग विझवणाऱ्यांत नवी गाडी नव्या स्टेशनात इंजिनावर जात नाही, हातांनी ढकलतात. पूर्वी बंब घोडे ओढायचे, घोडे सोडले की तो माणसांनीच मागे लोटायचा, तेव्हापासूनची रीत. एरवी पोरंटोरं, म्हाताऱ्या, सगळे तुटून पडतात, गाडीला हात लागावा म्हणून भांडणं होतात. डेल्बर्ट स्टिअरिंगवर बसला. मर्ल पुढे गेला, दोन्ही तळवे गाडीच्या नाकावर टेकले आणि थांबला.

कुणी आलं नाही.

लोक हातातल्या कागदी बशांकडे बघत होते. पीट गुस्टाफसन विजारीला हात पुसत मागे सरकला. पाठोपाठ सगळ्या बायका, त्या डबेवाल्यांतल्या अजून ज्या हयात आहेत त्याही. मर्लभोवती ती मोकळी जागा वाढत गेली. तो वाकून उभा, पांढऱ्या डोक्याचा, त्या एवढ्या लाल गाडीपुढे. हेच मला हवं होतं. इतकी वर्षं हेच हवं होतं. मी ते डोळे भरून बघायला लागले, आणि बघता बघता मला त्यांची तोंडं दिसली. पीटचं तोंड. बायकांची तोंडं. कशी धक्का बसल्यासारखी झाली होती! जसं काही आजच कळलं. जसं काही ती टेकडी काल उगवली.

"मागे कुठे सरताय?" मी ओरडले. मला नव्हतं ठाऊक मला एवढा आवाज आहे. "या की पुढे! हात झटकताय? तेव्हा सगळे त्याच्याच गाडीवर होतात!"

कुणी हललं नाही. मग गाडीचं दार उघडलं. डेल्बर्ट खाली उतरला, स्टिअरिंग तसंच सोडून. माझ्याकडे न बघता पुढे आला आणि मर्लच्या शेजारी गाडीला हात लावून उभा राहिला. मग पीट आला. मग बायका, एकेक करून, बशा गवतावर ठेवून.

"अहो, स्टिअरिंग कोण धरणार?" कुणीतरी विचारलं.

"मी धरते," रोवेना म्हणाली. ती आधीच वर चढत होती. "मी तेव्हा इथे नव्हते."

त्यांनी ढकललं. गाडी आधी हलेना, मग हलली, आणि हळूहळू मागे मागे आत गेली. मी हात कोटाच्या खिशात ठेवले होते. ते मी बाहेर काढले नाहीत.

मर्ल सगळ्यांत शेवटी बाहेर आला. धापा टाकत होता. "झालं समाधान?" त्यानं विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "पण बरं वाटतंय. फार बरं वाटतंय."

त्यानं पाटीकडे मान वर करून बघितलं, टोपी घातली आणि गेला.

थंडी आता पुरती पडली आहे. गाडी आत आहे, पंप शाबूत आहे. रेडिओवर, दुकानात, चर्चच्या पायऱ्यांवर लोकांना त्या इमारतीबद्दल बोलावं तर लागतंच. मी कान देऊन ऐकते. कुणी म्हणतं, "तिथे सभा आहे." कुणी म्हणतं, "तिथून गाडी निघाली." हमरस्त्यावरून जाणाऱ्या परक्यालाही वाचता येतील एवढी ती अक्षरं आहेत. पण ते नाव तोंडानं घेताना मी अजून कुणाला ऐकलेलं नाही.